साव्हियो, डोमिनिक (संत)

(२ एप्रिल १८४२–९ मार्च १८५७). इटलीतील कॅथलिक संत. शाळकरी मुलांना धर्मशिक्षणात ज्यांची ओळख आवर्जून करून दिली जाते, त्यांपैकी एक. तूरिनजवळच्या खेड्यात लोहाराच्या घरी जन्म. सातव्या वर्षीच पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला. तेव्हाच्या रिवाजाने हे वय फारच कोवळे. १८५४ मध्ये तो तूरिनला डॉन बॉस्को (१८१५–८८) यांच्या आश्रमशाळेत आला.

‘संत होणे सर्वांनाच शक्य आहे’ अशा आशयाचे डॉन बॉस्कोंचे प्रवचन त्याने मनावर घेतले. तो गप्प-गप्प राहू लागला, खेळणे सुटले. ऐन थंडीत पातळ पांघरुणावर झोपण्याचे व्रतही त्याने धरले. गुरूंनी ते मोडायला लावले. प्रार्थना कर, अभ्यास कर, मुलांत खेळ आणि आनंदात राहा, एवढेच त्यांचे सांगणे होते. पुढे दोन वर्गमित्र हातांत दगड घेऊन एकमेकांवर उठले, तेव्हा क्रूस उंच धरून तो मधे उभा राहिला आणि पहिला दगड मला मारा म्हणाला. भांडण तिथेच मिटले. आजारपणामुळे त्याला घरी पाठवण्यात आले. शरीरातून रक्त काढण्याचे त्या काळचे उपचार झाले. पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच तो गेला.

डॉन बॉस्कोंनी १८५९ मध्ये त्याचे चरित्र लिहिले. वाचणाऱ्यांत त्याच्यासोबत जेवलेली, खेळलेली मुले होती, त्यामुळे चमत्कारांपेक्षा रोजचे वागणे त्यात ठळक आले. बालवाचकांसाठी लिहिलेल्या संतचरित्रांत हा गुण दुर्मीळ आहे. पोप बारावे पायस यांनी १९५४ मध्ये त्याला संतपद दिले. सण ६ मे रोजी असतो. मुंबईत अंधेरीला त्याच्या नावाची शाळा आहे.

‘पाप करण्यापेक्षा मरण बरे’ हा त्याचा लहानपणीचा निश्चय वर्गात हमखास सांगितला जातो. तेवढाच सांगितला, तर लहान मुले धास्तावतात. पांघरुणाची गोष्ट त्याच तासाला सांगायला हवी, कारण पावित्र्य म्हणजे देहाला छळणे नव्हे, हे स्वतः डॉन बॉस्कोंनीच तिथे दाखवून दिले. खोडकर मुलांसाठी त्यांचे १८६१ चे मिकेले मागोने याचे चरित्र अधिक जवळचे ठरते. हा मुलगा आश्रमात येण्यापूर्वी गल्लीतल्या टोळक्याचा म्होरक्या होता.