भरतपूरचे पाणी

जयपुरात समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या चिरंजीवांना अद्याप मान्य नाही. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले आणि सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत, असे त्यांनी कोठेसे वाचले. व येत्या शनिवार-रविवारी तेथे जावे, असा प्रस्ताव मांडला. नस्ती पुढे सरकणे शक्य नव्हते. जाण्यायेण्यातच दोन्ही दिवस संपावयाचे! म्हणून आम्ही पर्याय सुचविला तो भरतपूरचा. अंतर सुमारे १८५ किलोमीटर, आगगाडीने तीनएक तास. आणि योगायोग असा की, तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यान व मालवणचे अभयारण्य या दोहोंचे क्षेत्रफळ जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. या आकड्याने चिरंजीवांचे समाधान झाले नाही. पक्ष्यांच्या नुसत्या उल्लेखाने मात्र झाले.

सौभाग्यवतींची अट निराळी होती. भरतपुरास जावयाचे तर कुंभेर वगळून चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि ते रास्तच आहे. १७५४ च्या मार्चमध्ये, रघुनाथरावांच्या स्वारीत, कुंभेरच्या वेढ्यात किल्ल्यावरून आलेल्या माऱ्याने मल्हारराव होळकरांचा एकुलता एक पुत्र खंडेराव पडला. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते स्थळ जयपूरहून एका दिवसात पाहून येण्याजोगे आहे, हे येथे बदलून आलेल्या किती मराठी मंडळींस ठाऊक असते? कुंभेरजवळ गांगरसोली येथे खंडेरावांची छत्री आहे. पुढे सात वर्षांनी, पानिपताहून होरपळून परतणाऱ्या मराठ्यांना अन्नवस्त्र व आसरा दिला तो याच सूरजमल जाटाने. वैर आणि उपकार यांची इतकी जवळची शेजारीण गावे आपल्या इतिहासात थोडी सापडतील.

शहरात शिरताच लोहागडाचा खंदक लागतो. १८०५ मध्ये यशवंतराव होळकरांना रणजितसिंहाने आश्रय दिला, म्हणून लॉर्ड लेक या किल्ल्यावर चालून आला. चार हल्ले केले, चारही फसले. तीन हजारांहून अधिक माणसे कामास आली अथवा जखमी झाली. मातीच्या रुंद तटात तोफेचे गोळे रुतून बसत, हे कारण सर्वत्र सांगितले जाते. पण आम्हांस खंदकातील पाण्याचे महत्त्व अधिक वाटते. दुसऱ्या हल्ल्यात ते इतके वाढलेले होते की, बरोबर आणलेला पूल पलीकडच्या काठास पोहोचलाच नाही. इंग्रजांनी हा धडा विसरू दिला नाही. कोंबरमिअर १८२५ च्या डिसेंबरात आला, त्याने आधी मोती झिलेचा बांध ताब्यात घेतला आणि खंदकाकडे जाणारे पाणी अडविले. १८ जानेवारी १८२६ रोजी किल्ला पडला.

रविवारचा दिवस आम्ही उद्यानासाठी राखला आहे. तेही पाण्याचेच अपत्य. गंभीर आणि बाणगंगा यांच्या संगमावर अठराव्या शतकात अजान बांध झाला. त्याचे पाणी कालव्यांनी व दारांनी सखल रानात खेळवून संस्थानिकांनी पुढे शिकारीसाठी तळी केली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या उपस्थितीत तेथे शिकार झाली. केवलादेवाच्या मंदिराजवळ या शिकारींचा जमाखर्च दगडावर कोरलेला आहे : तारीख, निमित्त, बंदुका, पक्षी. १९३८ च्या नोव्हेंबरात लॉर्ड लिनलिथगोच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. आयुष्य नोंदवह्यांत घालविणाऱ्या माणसाने तरी या रकान्यांपुढे क्षणभर थांबावे.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच वर्षी आसपासच्या गावांच्या म्हशींना चराई बंद झाली. विरोध झाला, पोलिसांनी गोळीबार केला, गावकरी मेले. नंतर मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या अभ्यासात असे दिसून आले की, म्हशी गेल्याने पाण्यातील गवत बेसुमार माजले आणि पक्ष्यांची उघडी तळी गुदमरली. मालवणच्या कोळ्यांनी अभयारण्यास विरोध केला, त्यामागची भीती या घटनेवरून काहीशी समजते.

पुढे करौलीकडे गंभीर नदीवर पांचना धरण झाले. दुष्काळात पक्ष्यांना पाणी द्यावे की शेतांना, हा वाद २००४ साली पेटला. आता चंबळेचे पाणी आणि गोवर्धन नाल्याचे पाणी आणून तळी भरतात.

चिरंजीवांनी पाहावयाच्या पक्ष्यांची यादी केली आहे. सारस आहे, चित्रबलाक आहे, आणि ज्याला आपण मराठीत वारकरी म्हणतो तो काळा पाणपक्षीही आहे. सर्वांत वर, लाल शाईने, सैबेरियाचा शुभ्र क्रौंच. जुन्या पुस्तकातले चित्र त्यांनी पाहिले आहे. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तो भरतपुरास आलेला नाही, हे त्यांना अजून सांगावयाचे आहे. शुक्रवारी तिकिटे काढावयाची. तोवर सांगून टाकू.