गुणवत्ता मंडळ
एकाच विभागातील साधारण सहा ते दहा कामगारांचा स्वेच्छेने जमणारा गट. तो नियमित बैठकांत कामातील अडचणींची मूळ कारणे शोधून उपाय सुचवतो. ही पद्धत १९६२ मध्ये जपानमध्ये सुरू झाली. तिच्या प्रसारात जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांचा मोठा वाटा होता. दोषाचे खापर कोणा व्यक्तीवर न फोडता सदस्य नोंदी तपासतात. माशाच्या सांगाड्यासारख्या दिसणाऱ्या इशिकावा आकृतीत संभाव्य कारणे माणूस, यंत्र, साहित्य, पद्धत अशा शाखांत मांडतात. आकडेवारीने कारण पडताळल्यावरच उपायाची चाचणी घेऊन तो व्यवस्थापनापुढे ठेवतात. भारतात हा प्रयोग १९८० मध्ये हैदराबादजवळ रामचंद्रपुरम येथील भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात सुरू झाला. सूचनांची दखल घेतली गेली नाही, तर मंडळे नावापुरतीच उरतात.