रसिकांची एक रात्र

रंगभूमीचा इतिहास नटांच्या नांवांनीं लिहिला जातो. रसिकांचा सहसा कोणी लिहीत नाहीं. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ सालीं आली. पण भिवंडी त्या मार्गावर नव्हती. येथील नाट्यवेड्यास मुंबईचा खेळ पाहावयाचा तर आधीं कल्याण किंवा ठाणें गांठावें लागे.

८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत 'संयुक्त मानापमान' झालें. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या एरवीं प्रतिस्पर्धी. त्यांचे चाहतेही दोन पक्षांचे. त्या रात्रीं मात्र केशवराव भोसले धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास गेलें. एकाच्या भक्तास दुसऱ्याचें गाणेंही मन लावून ऐकावें लागलें.

पुढें तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव निवर्तले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांचेंच गाणें मावे. रंगलेल्या रात्रीचें गाणें तींत कसें सांपडावें? तें ऐकणाऱ्यांच्या कानांतच राहिलें, आणि तेही एकेक करून गेले. म्हणून आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं कोणाचें गाणें, कोठें ऐकलें, हें त्यांना विचारून आजच लिहून ठेवावें. रसिकांचा इतिहास तेथूनच सुरू होईल.