हात आवरण्याची विद्या

वैद्यकाचा इतिहास बहुधा विजयांच्या क्रमानें लिहिला जातो. अमक्या सालीं अमुक लस निघाली, तमक्या सालीं तमुक शस्त्रक्रिया साधली, अशी त्याची मांडणी असते. परंतु ज्ञानाची वाढ म्हणजे नेहमींच कृतीची वाढ नव्हे. कोठें हात घालूं नये हें कळण्यासहि कधीं कधीं पिढ्या खर्ची पडतात. प्रोस्टेट ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या कर्करोगाच्या उपचारांविषयीं जीं मार्गदर्शक सूत्रें आज डॉक्टर लोक प्रमाण मानतात, त्यांचा इतिहास ह्या गोष्टीचें उत्तम उदाहरण आहे. हा विषय सभ्य घरांत मोकळेपणानें बोलला जात नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि साठी उलटलेला पुरुष ज्या घरीं आहे, त्या घरीं हा प्रश्न केव्हांहि उभा राहूं शकतो. आणि तो उभा राहिला असतां भीतीपेक्षां इतिहासाचा उपयोग अधिक होतो, असें आम्हांस वाटतें.

मूत्राशयाच्या खालीं, मूत्रमार्गास वेढून असलेली ही ग्रंथि अक्रोडाएवढी असते. ७ एप्रिल १९०४ रोजीं बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत ह्यू हॅम्प्टन यंग ह्यांनीं कर्करोगासाठीं ती समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली; त्या वेळीं विल्यम हॉल्स्टेड ह्यांच्यासारखे विख्यात शल्यविशारद त्यांना साहाय्य करीत होते. ह्या कृतीमागील तर्क सरळ होता: रोग एका जागीं आहे तोंवर ती जागाच काढून टाकावी. पुढें १९४५ सालीं लंडन येथें टेरेन्स मिलिन ह्यांनीं ओटीपोटाकडून ग्रंथीपर्यंत पोंचण्याचा नवा मार्ग प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड येथें माल्कम बॅगशॉ ह्यांनीं प्रबळ क्षकिरणांचा उपचार सुरू केला. परंतु ह्या उपचारांचें मोल रोग्यास जबर द्यावें लागे. शस्त्रक्रियेनंतर पुरुषत्व बहुधा नष्ट होई, आणि कित्येकांचा मूत्रावरील ताबाहि जाई. बाल्टिमोरचे पॅट्रिक वॉल्श ह्यांनीं हॉलंडमधील लायडनच्या पीटर डोंकर ह्यांच्या साहाय्यानें तेथील सूक्ष्म मज्जातंतूंचा मार्ग शोधला, आणि १९८२ सालीं ते तंतु वांचवून शस्त्रक्रिया केली. तेव्हां हें मोल बरेंच उतरलें. नाहींसें मात्र झालें नाहीं.

इतकें मोल देऊन जें मिळे तें खरोखर आयुष्य होतें काय, हा प्रश्न विचारण्यास आधार पूर्वींच मिळाला होता. १९३५ सालीं त्याच जॉन्स हॉपकिन्समधील विकृतिशास्त्रज्ञ आर्नल्ड रिच ह्यांनीं, पन्नाशी उलटल्यावर मरण पावलेल्या पुरुषांच्या शवांची तपासणी केली असतां शेंकडा सुमारें १४ जणांच्या प्रोस्टेटमध्यें कर्करोग आढळला. त्यांतील बहुतेकांस तो आहे ह्याचा आयुष्यभर पत्ताहि नव्हता. याचा अर्थ उघड होता. एकाच नांवाखालीं दोन निराळे रोग नांदत होते: एक माणसाचा जीव घेणारा, आणि दुसरा माणसाबरोबर म्हातारा होऊन त्याच्याबरोबरच चितेवर जाणारा. न्यूयॉर्कचे विलेट व्हिटमोर ह्यांनीं पुढें हाच पेंच नेमका मांडला. ज्याला बरें करतां येतें त्याला बरें करण्याची गरज असते काय, आणि ज्याला गरज असते त्याला बरें करतां येतें काय, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय होता.

दोहोंतला भेद ओळखण्याचें पहिलें भरंवशाचें साधन १९६६ सालीं मिनियापोलिसचे डोनल्ड ग्लीसन ह्यांनीं दिलें. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींची रचना कितपत विस्कटली आहे, ह्यावरून त्यांनीं रोगाच्या प्रती लावल्या. त्यानंतर पी. एस. ए. नांवाची रक्ततपासणी आली. अमेरिकन सरकारनें तिला १९८६ सालीं रोग्यांवर लक्ष ठेवण्यासाठीं, आणि १९९४ सालीं रोग शोधून काढण्यास साहाय्य म्हणून मान्यता दिली. आतां रिच ह्यांना शवांत जें दिसलें, तें धडधाकट माणसांत दिसूं लागलें. जे कर्करोग कोणासहि न कळतां राहते, ते कागदावर उतरले. आणि कागदावर उतरलेल्या कर्करोगास हात न लावणें रोग्यासहि जमेना आणि वैद्यासहि जमेना. शस्त्रक्रियांची संख्या भराभर वाढली.

अशा वेळीं, १९९५ सालीं, अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ह्या संस्थेच्या मंडळानें ह्या रोगासंबंधीं आपलीं मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं. उपलब्ध लेख तपासून मंडळानें असा निर्वाळा दिला कीं, निरनिराळ्या उपचारांची रास्त तुलना करण्यास पुरावा पुरेसा नाहीं. सबब रोग्यास सर्व मान्य उपचारांची माहिती दिली पाहिजे, हेंच काय तें आवश्यक कर्तव्य होय. आमच्या मतें ह्या इतिहासांतील सर्वांत मानाचें पान हेंच. आपल्याकडील निर्णयसिंधु-धर्मसिंधूंच्या कर्त्यांपुढें स्मृतिवचनांचा विरोध उभा राहिला म्हणजे ते वचनांची व्यवस्था लावून निर्णय देत. कारण वचनाचें प्रामाण्य त्यांस गृहीतच होतें. येथें मंडळानें वचनेंच अपुरीं ठरविलीं, आणि तीं मिळविण्याची जबाबदारी आपल्याच शास्त्रावर टाकली.

त्या पुराव्याचा शोध युरोपांत आधींच सुरू झाला होता. तेथील पद्धत चिठ्ठ्या टाकण्याची. कोणत्या रोग्यास कोणता उपचार मिळावा, हें डॉक्टराच्या मर्जीनें न ठरवितां दैवावर सोंपवावयाचें, म्हणजे पक्षपातास जागा राहत नाहीं. स्वीडन, फिनलंड व आइसलंड येथें १९८९ ते १९९९ ह्या काळांत ६९५ पुरुषांची अशी वांटणी झाली. ह्यांतील बहुतेकांचा रोग रक्ततपासणीनें हुडकलेला नसून लक्षणांवरून कळलेला होता. त्यांच्यांत शस्त्रक्रियेनें सरासरी २.९ वर्षांचें आयुष्य अधिक मिळालें, असें २०१८ सालीं जाहीर झालें. उलट, अमेरिकेंत ७३१ पुरुषांवर झालेल्या प्रयोगांत २०१२ सालीं तसा निर्विवाद लाभ दिसला नाहीं. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ नांवाच्या प्रयोगांत १,६४३ पुरुष देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागले गेले. पंधरा वर्षांनंतरचा त्यांचा वृत्तान्त २०२३ सालीं आला. ह्या रोगानें मेलेले पहिल्या गटांत १७, दुसऱ्यांत १२, तिसऱ्यांत १६. म्हणजे प्रत्येक गटांत शंभरीं तीनच्या आसपास. मात्र रोग शरीरांत अन्यत्र पसरण्याचें प्रमाण देखरेखीच्या गटांत शेंकडा ९.४, तर इतर दोहोंत ५ च्या जवळपास होतें. ही दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल.

ह्या सर्व मंथनांतून आजचीं सूत्रें निघालीं. अँथनी डिॲमिको ह्यांनीं १९९८ सालीं केलेल्या वर्गवारीच्या धर्तीवर रोगाचे अल्प, मध्यम व अधिक धोक्याचे असे वर्ग पाडले जातात. पी. एस. ए. १० पेक्षां अधिक नाहीं, ग्लीसनचा अंक ६ च्या वर नाहीं आणि गांठ लहान आहे, असा रोग अल्प धोक्याचा. टोरोंटोचे लॉरेन्स क्लॉट्झ ह्यांनीं १९९५ पासून अशा रोग्यांवर ‘सक्रिय देखरेख’ आरंभिली. ठराविक काळानें रक्त तपासणें, जरूर तेव्हां ग्रंथीचा तुकडा पुन्हां काढून पाहणें, आणि रोगानें चाल बदलली तरच उपचार करणें, असें तिचें स्वरूप. अमेरिकेच्या २०२२ च्या सूत्रांत अल्प धोक्याच्या बहुतेक रोग्यांसाठीं हाच मार्ग प्रथम पसंतीचा सांगितला आहे.

परंतु हात आवरणें म्हणजे हात बांधून बसणें नव्हे. अधिक धोक्याच्या रोगांत उपचार पुरेसा जोरदार असावा लागतो, आणि ह्या बाबतींत मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचें कार्य उल्लेखनीय आहे. तेथें २२४ रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत, ग्रंथीबरोबर कटिभागांतील लसीकाग्रंथींवरहि किरण दिल्यास पांच वर्षांनंतर रक्ततपासणींत रोग न उलटलेल्यांचें प्रमाण शेंकडा ८१ वरून ९५ झालें, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. तेवढ्या काळांत एकंदर आयुर्मर्यादेंत मात्र फरक आढळला नाहीं.

तेव्हां ह्या इतिहासाचें सार उपचार करा किंवा करूं नका, अशा एका वाक्यांत सांगतां येणार नाहीं. कर्करोग हा शब्द कानीं पडतांच घरांतील मंडळींचा धीर सुटतो. मुलगे म्हणतात, उद्यांच काय तें उरका. आणि वडील संकोचामुळें स्वतःच्या शरीराविषयीं एक प्रश्नहि विचारीत नाहींत. मग जें पुरुषत्व किंवा जो मूत्रावरील ताबा जावयाचा, त्याचा हिशेब त्यांच्या संमतीवांचूनच मांडला जातो. अल्प धोक्याच्या रोगांत विचारासाठीं आठवडे, कित्येकदां महिनेहि हाताशीं असतात. ते घाईनें दवडूं नयेत. आपला रोग कोणत्या वर्गांतला, उपचारानें काय मिळेल व काय जाईल, हें वडिलांनींच स्वतःच्या तोंडानें डॉक्टरांस विचारावें, आणि घरच्यांनीं त्यांना तेवढा अवकाश द्यावा. १९९५ च्या मंडळानें रोग्याचा जो हक्क सर्वांआधीं सांगितला, तो हाच होय.