कोसोव्हो: कुणाचं मैदान?

कोसोव्हो हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. गंमत म्हणजे ते नाव अर्धवट आहे.

सर्बियन भाषेत ‘कोस’ म्हणजे पिवळ्या चोचीचा काळा पक्षी, आपल्या कस्तुराचा भाऊबंद. पोलिश, चेकमध्येही तो कोसच. रशियन मात्र ‘द्रोझ्द’ म्हणतात. आणि त्यापुढचं ‘-ओवो’ म्हणजे चक्क आपलं नपुंसकलिंगी ‘-चं’! मी कोडिंगवाला, व्याकरणात कच्चा, पण हे बघून उडालोच. ‘कोसोवो पोल्ये’, कोसचं मैदान. पुढे मैदान गळलं, ‘कोसचं’ तेवढं उरलं. जर्मनांनी तर सरळ भाषांतरच केलं: आम्सेलफेल्ड.

१३८९ मध्ये याच मैदानावर सर्बांचा लाझार आणि ऑटोमन सुलतान मुराद, दोघंही मारले गेले. तेव्हापासून हे नाव सर्बांच्या काळजात आहे. पण आज तिथे बहुसंख्य लोक अल्बेनियन बोलतात. त्यांच्या तोंडी ‘कोसोवा’. त्यात पक्षी ऐकूच येत नाही, कारण त्यांच्याकडे त्याचं नाव ‘मलेन्य’. २००८ मध्ये त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेही याच स्लाव नावानं. नावाचा अर्थ कळतो त्याचीच जमीन, हे मला तरी पटत नाही. सर्बिया हा देश मानत नाही. भारतानंही अजून मान्यता दिलेली नाही.