प्रस्तावना : वरकस सोडल्यानंतर

कोकणात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत काही वर्षं नाचणी-वरी घ्यायची आणि मग ती सोडून द्यायची, अशी रीत होती. सोडलेल्या तुकड्याकडे सहसा कुणी वळून पाहत नाही. हे पुस्तक मात्र तिथूनच सुरू होतं. आधी टाकळ्यासारखं तण माजतं, मग गवत जम बसवतं. पुढे करवंदाची जाळी पसरते. तिच्या काट्यांत शेळीचं तोंड शिरत नाही, म्हणून पक्ष्याने तिथे टाकलेल्या बीचं रोप तगतं. शेजारचा ऐन मात्र बियाण्यातून आलेला नसतो. तो जुन्या खुंटाला फुटलेला धुमारा असतो. नव्या रानात जुनं रान असं हजर असतं.

एकाच जागी वनस्पतींचे समुदाय असे पालटत जातात, त्याला अनुक्रमण म्हणतात. ते सगळं पाहायला एक आयुष्य पुरत नाही. हेन्री काउल्स यांनी त्यावर तोड काढली. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी वाळूच्या टेकड्या आहेत. पाण्याजवळची सर्वांत नवी, आत जावं तशी जुनी. उघडी वाळू, गवत, पाइन, ओक अशा क्रमात त्यांनी काळाऐवजी अंतर वाचलं आणि १८९९मध्ये ते मांडलं. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६मध्ये त्याला नियमाचं रूप दिलं : समुदाय सजीवासारखा वाढतो आणि हवामानाला साजेशा चरमावस्थेला पोचतो. हेन्री ग्लीसन यांना हे पटलं नाही. प्रत्येक जाती आपल्यापुरती येते, आणि कोणतं बी कधी पोचलं यावर बरंच अवलंबून असतं, असं त्यांनी १९२६मध्ये ठामपणे मांडलं.

हा वाद आपल्याकडेही पुस्तकात राहत नाही. सह्याद्रीच्या कित्येक उतारांवर गवत टिकतं ते वणवा आणि कुऱ्हाडीमुळे. जवळच्याच देवराईत दाट रान असतं. सोलापूरकडच्या माळावर मात्र पाऊस कमी, माती उथळ आणि मुरमाड. तिथे गवतच खरं धनी. त्या माळाला उजाड समजून खड्डे खणले आणि झाडं लावली, तर माळढोकाचं घर मोडतं. गवत दोन्हीकडे दिसतं, कारणं वेगळी.

म्हणून वाचकाला एकच विनंती. जवळचा एखादा पडीक तुकडा निवडा, दर पावसाळ्यानंतर तिथे जाऊन वहीत नोंद करा. पण पहिली नोंद करण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाला विचारा : इथे शेवटचं पीक कधी घेतलं होतं?