महाराष्ट्राची गाणी लिहिली कुणी आणि कुठून?

आजचा भाग गाण्यांवर आहे, पण सुरुवात जपानपासून करू. थोडा धीर धरा, आपण लगेच विदर्भात येणार आहोत.

जपानमध्ये आपल्या प्रांताचं गाणं ही जुनी परंपरा आहे. नागानो नावाचा डोंगराळ प्रांत आहे, त्याला समुद्र नाही. त्याचं जुनं नाव शिनानो आणि त्याच्या गाण्याचं नाव ‘शिनानो नो कुनी’, म्हणजे शिनानो देश. १८९९ मध्ये आसाई किओशी नावाच्या शिक्षकाने ते लिहिलं. सहा कडवी. त्यात डोंगर, नद्या, खोरी, उद्योगधंदे, थोर माणसं, सगळं ओळीने येतं. भूगोलाचं पुस्तक चालीत बसवल्यासारखं.

आता गंमत बघा. १८७६ मध्ये दोन प्रांत जोडून हा नागानो झाला होता. त्यात मात्सुमोतो शहराची राजधानी गेली आणि तिथल्या लोकांच्या मनात ते सलत राहिलं. १९४८ मध्ये प्रांत तोडायचा ठराव थेट प्रांतिक सभागृहात आला. असं सांगतात, की चर्चा चालू असताना प्रेक्षकांमधून कुणीतरी हे गाणं सुरू केलं, बाकीचे उभे राहून गाऊ लागले, आणि ठराव बारगळला. एकट्या गाण्याने हे केलं असं मी म्हणणार नाही. राजकारणात आकडे लागतात. पण प्रांत अखंड राहिला हे खरं, आणि १९६८ मध्ये हेच गाणं अधिकृत प्रांतगीत झालं. आणि ते लिहिणारे आसाई कुठले? मात्सुमोतोचे! ज्या गावाला वेगळं व्हायचं होतं, त्याच गावचे.

हे वाचलं तेव्हा मी थबकलो, कारण मी खामगावचा. नोकरीसाठी पुण्यात आलो, आणि ऑफिसात चहाच्या वेळी दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, “काय रे, तुमचा विदर्भ कधी वेगळा होतोय?” त्यामुळे मी आपल्याकडची यादी काढली. महाराष्ट्राची गाणी लिहिली कुणी, आणि कुठून?

पहिलं नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म १८७१, नागपूर. वकिली वऱ्हाडात. ‘महाराष्ट्रगीत’ त्यांचं. ते वारले १९३४ मध्ये, म्हणजे राज्य व्हायच्या २६ वर्षं आधी. त्यांच्या काळात वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा. १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडलेला होता. मुंबई इलाख्याशी त्याचा सरकारी संबंध नव्हता. म्हणजे ज्या महाराष्ट्राचं गाणं त्यांनी लिहिलं, तो कुठल्याच नकाशावर नव्हता.

दुसरं नाव त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी, म्हणजे कवी गोविंदाग्रज. जन्म १८८५, गुजरातेत नवसारीला. मृत्यू १९१९, नागपूरजवळ सावनेरला, वय अवघं ३३. मधली वर्षं पुण्याची आणि नाटक कंपन्यांची. त्यांच्या ‘श्रीमहाराष्ट्रगीता’त करवंदीचे काटे आहेत, बकुळ आणि प्राजक्त आहे, देश कठीणही आहे आणि कोवळाही आहे. नुसती विजयांची जंत्री नाही, म्हणून मला ते जास्त आवडतं.

तिसरं, ‘जय जय महाराष्ट्र माझा’. कवी राजा बढे, जन्म १९१२, नागपूर. संगीत श्रीनिवास खळे यांचं, ज्यांचं बालपण बडोद्यात गेलं. आवाज शाहीर साबळे यांचा, ते मात्र वाईजवळच्या पसरणीचे. गाण्यातल्या नद्या मोजून बघा. सुरुवात रेवेपासून, म्हणजे नर्मदा, जी आपल्या राज्याला फक्त नंदुरबारच्या टोकाला शिवते. लगेच वर्धा येते. कृष्णा-कोयना त्यानंतर. नागपूरच्या माणसाने काढलेला नकाशा आहे हा! १९ फेब्रुवारी २०२३ पासून हे राज्यगीत आहे, आणि ते वर्ष शाहीर साबळेंच्या जन्मशताब्दीचं होतं.

तर मुद्दा असा. घराचं गाणं बहुतेक वेळा उंबऱ्यावर उभं राहून लिहिलं जातं. जो माजघरात बसलाय त्याला ‘हे माझं घर’ असं ओरडून सांगावं लागत नाही. ज्याला कुणीतरी ‘तू आमचा की तिकडचा’ असं विचारतं, तो सांगतो.

पण अशा गाण्यांची एक अडचण आहे. ती बेरजा करतात, वजाबाकी सांगत नाहीत. ती सांगितली अण्णाभाऊ साठे यांनी. वाटेगावचे, १९२० चा जन्म, लहानपणीच मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी ‘माझी मैना’ ही छक्कड रचली. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरतो, आणि बघता बघता ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होते. इथे अभिमानाचं गाणं विरहाचं होतं. त्या लढ्याची समिती ६ फेब्रुवारी १९५६ ला इथेच, पुण्यात, स्थापन झाली. १ मे १९६० ला राज्य मिळालं, मुंबई मिळाली. ही चार नावं बाहेरच राहिली. सीमाभागातले मराठी लोक आजही १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात.

आणि अभिमान स्वतःच्याच माणसावर उलटतो तेव्हा काय होतं, तेही पुण्याने पाहिलंय. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा काही जणांनी रात्री उखडून मुठेत टाकला. कारण ‘राजसंन्यास’ नाटकातलं संभाजी महाराजांचं चित्रण. त्या चित्रणावर वाद घालायला हरकत नाही, घालावाच. पण ज्याने आपल्याला ‘श्रीमहाराष्ट्रगीत’ दिलं त्याला नदीत टाकून वाद संपत नाही.

विदर्भ वेगळा व्हावा की नाही, यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. बाबा म्हणतात व्हावा: पाणी, रस्ते, नोकऱ्या, सगळा अनुशेष ते बोटांवर मोजून दाखवतात. त्यांची तक्रार खोटी नाही, नाहीतर मी खामगाव सोडून हिंजवडीत कशाला आलो असतो? गाणं अनुशेष भरत नाही. नागानोतही लोक गायले, पण रस्ते नंतर बांधावेच लागले. फक्त चहाच्या टेबलावर कुणी ‘तुमचा विदर्भ’ म्हणालं, की मी आता एवढंच विचारतो: राज्यगीत कुठल्या गावच्या माणसाने लिहिलंय, माहितीये का?

तुमच्या भागाचं, तालुक्याचं असं एखादं गाणं असेल, जत्रेतलं, शाळेतलं, आजीच्या तोंडचं, तर आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, नमस्कार.